उधोजीरावांच्या दोन बंदुका

गळ्याची शपथ, ही गोष्ट खरी आहे. सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. म्हणजे मी तेव्हा जन्मलो नव्हतो, पण त्यानं काय बिघडतं?

बोरवडीचे राजे उधोजीराव यांनी एक विलायती बंदूक घेतली आणि आजोबांच्या तोड्याच्या बंदुकीशेजारी टांगली. आजोबांची म्हणजे नुसतं काळं लोखंड. दारू ठासा, वात पेटवा, चाप ओढा, धडाम. नवीवर चांदीची नक्षी होती आणि ती भरायला तीन माणसं लागत: एक तेल सोडायला, एक धूळ फुंकायला आणि एक तिची मनधरणी करायला. एवढं करून ती नुसती 'खट्' म्हणायची. एकदा शिकारीत रानडुक्कर समोर येऊन उभं राहिलं, बराच वेळ खट्-खट् ऐकलं आणि कंटाळून निघून गेलं. दरबारी म्हणाले, सरकारांचा केवढा हा दरारा, डुक्करसुद्धा पळालं!

दारूखान्याचा जमादार रंगोजी तेवढा म्हणाला, ही बंदूक कुचकामी आहे. त्याला तडक हत्तीखान्यात कोंडलं. संस्थानात हत्ती नव्हता, पण हत्तीखाना होता. यावरून काय ते ओळखा. सकाळी त्याला संस्थानाबाहेर हाकलायचं ठरलं.

सकाळी रंगोजीची मुलगी गोजरा दरबारात येऊन उभी राहिली. बापाला सोडा म्हणाली. राजांनी अट घातली की दोहोंतली चांगली बंदूक कोणती ते सांग. मात्र नवीला नाव ठेवलंस तर आमच्या पसंतीचा अपमान, जुनीला ठेवलंस तर आमच्या आजोबांचा, आणि गप्प राहिलीस तर आमचा. चुकलीस की बापलेक दोघंही हद्दपार. दिवाणजी खुशीत मिशीला पीळ देऊ लागले.

गोजरानं दोन्ही बंदुका भरून मागवल्या आणि दोन तिवयांवर ठेवल्या.

"सरकार, मला बाईमाणसाला काय कळतंय. ही मंडळी जाणती. प्रत्येकानं आपल्या पसंतीच्या नळीसमोर उभं राहावं. मी दोन्हींचे चाप ओढते."

राजांना गंमत वाटली. त्यांनी हुकूम सोडला. क्षणात सगळा दरबार नव्या बंदुकीसमोर दाटला. दिवाणजी दोघांना ढकलून सगळ्यांत पुढे! जुनीसमोर चिटपाखरू नाही.

राजे संतापले. आमच्या बंदुकीची ही किंमत करता काय, म्हणून ओरडले.

"मग सरकार कुठं उभे राहतील?" गोजरानं विचारलं.

राजे तावातावानं उठले, चार पावलं चालले आणि थबकले. पाय नवीकडेच वळले होते.

"मी कुणाला नाव ठेवलं नाही हो," गोजरा म्हणाली. "जे काय सांगितलं ते सरकारांच्या पायांनी."

राजे असे हसले की पगडी दिवाणजींच्या डोक्यावर जाऊन पडली. रंगोजी सुटला, पुन्हा जमादार झाला. नवी बंदूक गोजराला बक्षीस मिळाली. तिनं नळी काढून चुलीपाशी ठेवली. फुंकणी म्हणून झकास चालते, एकदाही अडली नाही.

यातलं मी पदरचं घातलं ते एवढंच, की राजे हसले.