देवमाशाच्या पाठीवरचं निशाण

फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या पणजोबांना मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा, आपल्या कातळकोंडात धाकू नावाचा एक खारवी मच्छीमार राहत होता. लग्नाला वर्ष झालं नाही तोच तो मुंबईला गेला आणि आगबोटीवर खलाशी म्हणून चढला. बोट दक्षिणेला गेली ती गेलीच. चौदा वर्षं ना पत्र ना निरोप. त्याची बायको आवडी लोकांची मासळी सुकवून पोट भरायची. नवरा आहे की नाही हेच कुणाला ठाऊक नाही, म्हणून हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नसे. बिचारी दारामागे उभी राहून बायकांचं हसणं ऐकायची.

आणि एक दिवस धाकू परत आला! केस पांढरेफटक, हातांना तेलाचा उग्र वास, राखेनं घासले तरी न जाणारा. सोबत एक पत्र्याची पेटी, आणि पेटीत फोटो. तेव्हा आपल्याकडे फोटो पाहिला होता कुणी? सगळा गाव अंगणात लोटला.

फोटोत बर्फाचे डोंगर होते, आणि डोंगरांच्या पायथ्याशी एक बंदर. फळ्यांवर एक देवमासा आडवा, आपल्या देवळापेक्षाही लांबलचक. त्याच्या पाठीत निशाण रोवलेलं. भोवती माणसं उभी, खांद्यावर लांब दांड्याचे कोयते. मागे घराएवढ्या कढयांतून वाफ निघत होती, पांढऱ्या कमानी उभ्या होत्या. माणसांत डावीकडून तिसरा धाकू.

आता आपल्याकडे देवमासा म्हणजे देवच. मेलेला किनाऱ्याला लागला तर पांढरं कापड घालायचं, नारळ ठेवायचा, रडायचं. गावचा म्होरक्या राघोबा तांडेल फोटो बघून गहिवरलाच.

"अरे, काय ही पूजा! निशाण बघा, कमानी बघा, धूप बघा! कढयांत महाप्रसाद शिजतोय. चौदा वर्षं देवाची चाकरी केली आपल्या धाकूनं!"

धाकूनं तोंड उघडलं होतं, अगदी उघडलं होतं. पण तेवढ्यात कुणीतरी आवडीच्या कपाळी कुंकू लावलं, आणि ती हसली. चौदा वर्षांनी हसली हो! ते हसू बघून धाकूनं शब्द गिळले.

खरं काय होतं, ते तुम्हाला आत्ताच सांगून टाकतो. तिथे देवमासे मारत. मारलेल्यात हवा भरून, वर निशाण रोवून समुद्रात तरंगत ठेवत, म्हणजे हा आमचा, परतताना न्यायचा. त्या कमानी जबड्याच्या हाडांच्या. कढयांत चरबी वितळायची. आणि धाकूच्या खांद्यावरचा कोयता काही शोभेचा नव्हता.

फोटो काचेत बसवून गावदेवी जाखमातेच्या देवळात लावले. होड्या समुद्रात जाताना धाकूच्या हातचा अंगारा घेऊ लागल्या. हळदीकुंकवाचा पहिला मान आवडीचा. रोज संध्याकाळी ती धाकूसमोर बसून आज कोण काय म्हणालं ते सांगायची, आणि धाकू मान खाली घालून ऐकायचा.

मग काचेला आतून तेल सुटलं. दाट, पिवळं. पुजाऱ्यानं पुसलं, पुन्हा सुटलं. देव पावला म्हणून लोक ते कपाळाला लावायला लागले! धाकूनं तो वास लगेच ओळखला. आणखी एक गोष्ट त्याच्या एकट्याच्याच ध्यानात आली. फोटोतल्या देवमाशाचा मिटलेला डोळा दर अवसेला थोडा थोडा उघडत होता, असं म्हणतात. मी नाही हं, लोक म्हणतात.

आश्विनात एका दुपारी, भर ओहोटीला, खाडीच्या तोंडाशी एक देवमासा वाळूत रुतला. जिवंत! ढोल आले, नारळ आले, आवडी आरतीचं ताट घेऊन सगळ्यांच्या पुढे. राघोबानं एक बांबू आणला. वर भगवं निशाण, आणि खालचं टोक तासून भाल्यासारखं केलेलं.

"धाकबा, फोटोत हाय तश्शीच पूजा करायची. निशाण तुमीच रोवा."

धाकूनं बांबू हातात घेतला. देवमाशाचा डोळा उघडा होता, तोच डोळा, आणि तो धाकूकडे बघत होता. मागे आवडी बघत होती, अभिमानानं. बांबू टाकावा तर तिचं सुख जातं, रोवावा तर देवाचा जीव जातो.

"ती पूजा न्हवती रे!" तो ओरडला. "मेलेल्यावर खूण करायचं निशाण ते! आमी त्यांना मारायचो, कापायचो, कढवायचो. मी कापलं. या हातांनी कापलं!"

ढोल थांबले. ज्यांनी ते तेल कपाळाला लावलं होतं, ते पदरानं, धोतरानं कपाळ घासायला लागले. सगळा गाव आता आवडीकडे बघत होता.

तिनं ताट वाळूत ठेवलं. "चौदा वर्षं मी वाट बघितली," ती म्हणाली, "आणि तुमी मला खोटा मान खाऊ घातलात. मेला तो मान! त्या देवाला सोडवा आधी."

धाकूनं बांबू मोडला. देवमाशाच्या डोळ्याशी गाल टेकून तो काहीतरी पुटपुटला. आणि भर ओहोटीला पाणी चढलं, असं म्हणतात. गुडघाभर, कमरेइतकं. देवमासा तरंगला, वळला, आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून धाकू चालत गेला. पाणी डोक्यावर आलं तरी हात दिसत होता. मग तोही दिसेनासा झाला.

देवळात जाऊन बघतात तो फोटोतला देवमासा नाही, निशाण नाही. रिकाम्या फळ्या, आणि त्यांच्याकडे बघत उभी असलेली माणसं. डावीकडची तिसरी जागा मोकळी.

आवडीनं कुंकू पुसलं नाही. आता हिला कोण विचारणार, असं सगळ्यांना वाटलं, पण त्याच संध्याकाळी राघोबाची बायको करंडा घेऊन तिच्या दारात आली. "आजचा मान खरा," म्हणाली, आणि दोघी गळ्यात गळा घालून रडल्या.

म्हणून नारळी पुनवेला बाकीच्या बंदरांत होड्यांवर निशाणं फडकतात, आपल्याकडे एकही नाही. होडी लोटण्याआधी प्रत्येक होडीचा तांडेल ओल्या वाळूत उभा राहून, वर्षभर दडवलेली एक गोष्ट बायकोसमोर मोठ्यानं सांगतो. त्याला धाकूचं बोलणं म्हणतात. बोलून झालं की सगळे गप्प राहून कान देतात. खाडीच्या तोंडाशी एक श्वास ऐकू येतो, मोठा, फुस्सकन. तो देवमाशाचा. त्याच्यामागून दुसरा येतो, माणसाएवढा. तो ऐकू आला की बायका आवडीच्या नावानं मांडलेल्या रिकाम्या पाटाला कुंकू लावतात, आणि मगच होड्या पाण्यात जातात.