चकाकणारं पाणी

ओढ्याकाठचं रान तोडून तिथं डांबरी रस्ता झाला, त्या काळची ही गोष्ट. चमकेल तिथं अंडी घालायची, ही चतुर किड्यांची पिढीजात रीत. रस्ता असा चकाके की साऱ्याजणी त्यालाच पाणी समजून बसल्या.

पहिलटकरीण पिंगा तेवढी घुटमळली. तिनं आधी शेपटी टेकवून पाहिली.

“काकू, हे पाणी भाजतंय हो!”

“तुझं आपलं काहीतरीच! किती गं काळजी करशील?” अंडी घालता घालता काकू हसल्या.

‘माझंच चुकत असेल,’ असं पुटपुटत पिंगा गढूळलेल्या ओढ्यावर गेली. तिथलं पाणी गार लागलं. तिनं तिथंच अंडी घातली.

पुढं रस्त्यावर एक पंख हलला नाही. ओढ्यावर मात्र कोवळे चतुर भिरभिरू लागले.

“कुणाची गं ही पोरं?” काकूंनी हळूच विचारलं.

“माझी!” पिंगा म्हणाली. या वेळी ती पुटपुटली नाही.