वासरू कोणाचं?

अमेरिकेतल्या टॅमरॅक नदीवरची जुनी फेरीबोट ऐन मधोमध येऊन थांबते. घाईतले प्रवासी कुरकुरतात. म्हातारा नावाडी एलायजा मात्र टोपी सारखी करतो आणि नवख्यांना केझाया थॉर्नची गोष्ट सांगतो.

दोनशे वर्षांपूर्वी, म्हणे, हे दोन काठ दोन राज्यांचे होते. देश एक झाला होता, राज्यघटनाही लिहून झाली होती. घाटावरच्या अधिकाऱ्यांनी ती वाचली नव्हती, इतकंच. केझाया विधवा, पोट एका फेरीबोटीवर. एके सकाळी ती गाभण गाय घेऊन पलीकडे निघाली. पूर्वेचा अधिकारी ओरडला, "तिकडचा परवाना इथे चालत नाही. काठाला लागलीस तर बोट जप्त!" ती मागे वळली, तर पश्चिमेचा म्हणाला, "शेजाऱ्याकडे निघालीस ना? आता तिकडेच राहा!"

केझायाने मधोमध नांगर टाकला. दोन्ही घाट सगळ्यांना खुले होईपर्यंत जमिनीला पाय लावणार नाही, अशी शपथ घेतली. लोक होड्यांतून पाव नि चारा पोचवू लागले, कोणी तिची तक्रार राजधानीतल्या न्यायालयात नेली.

नवव्या दिवशी गाय व्याली. दोन्ही अधिकारी लगबगीने होड्या वल्हवत आले.

"डोकं आमच्या हद्दीत आहे!"

"शेपूट आमच्या!"

तेवढ्यात वाऱ्याने बोट फिरली. दोघांनी तत्काळ आपापला कायदा फिरवला.

"मधलं पोट कोणीच मागत नाही," केझाया म्हणाली. "त्याला चारा लागतो ना!"

"मग वासरू कोणाचं, बाई?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"सगळ्यांचं."

असं सांगतात, की चाळिसाव्या दिवशी त्या न्यायालयाचा निकाल आला : राज्यांना जोडणारं पाणी देशाच्या कायद्याखाली, ते एकट्या राज्याला अडवता येणार नाही. निकाल घेऊन केंद्राचा अधिकारी स्वतः आला. घाट खुले झाले, टोप्या उडाल्या. केझायाने नांगर उचलला, बोट काठाला लावली आणि एक पाय उचलला.

साहेबांनी वासराचं दावं हातात घेतलं. "सगळ्यांचं म्हणजे आता केंद्र सरकारचं."

केझायाने पाय मागे घेतला. "साहेब, सगळ्यांचं म्हटलं मी. तुमचं कुठे म्हटलं?" आणि नांगराला हात घातला.

साहेबांनी नांगराकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं आणि दावं सोडलं. मगच ती उतरली.

आजही बोट मधोमध थांबली, की एलायजा विचारतो, "वासरू कोणाचं?"

"सगळ्यांचं!" प्रवासी ओरडतात.

"म्हणजे सरकारचं?"

"नाही!"

हे 'नाही' दोन्ही काठांवर ऐकू गेल्याशिवाय तो बोट हलवत नाही.