मथुरेचा भुईचाफा

आडवळ गावाच्या वेशीवर औदुंबराखाली वल्कलनाथ महाराज त्या वर्षी पौषापासून मुक्कामाला होते. भक्तहो, त्याच दिवसांतली ही हकिगत.

गावातली मथुरा आपल्या येसूला कडेवर घेऊन दर्शनाला आली. पोरीला तीन वर्षं सरली होती, पण तिनं अजून एक पाऊल टाकलं नव्हतं. वैद्य झाले, तेलं चोळून झाली. महाराजांनी झोळीतून एक वाळका गड्डा काढून मथुरेच्या ओंजळीत ठेवला.

"भुईचाफा आहे. अंगणात लाव. आत्ता तो निजलाय. पाणी घालू नकोस, उकरून बघू नकोस. याला फूल येईल त्या दिवशी पोरगी चालेल."

मथुरेनं गड्डा लावला. पण आईचा जीव तो! कोरडी माती बघून तिला राहवेना. तहानेनं मेला तर? रोज ती गुपचूप तांब्याभर पाणी ओतायचीच.

फाल्गुनात गावातले त्र्यंबकपंत चार माणसांसह मथुरेच्या अंगणावरून निघाले. त्यांच्यासारखी बाग पंचक्रोशीत नव्हती, आणि हे तेच सगळ्यांना सांगत. त्यांनी काठीनं माती उकरली. गड्डा लिबलिबीत झालेला, घाण सुटलेली.

"अगो मथुरे, हाच का तुझा प्रसाद? महाराजांना म्हणावं, पुढच्या खेपेस आल्याचा तुकडा द्या. चहात तरी घालता येईल!"

सोबतची माणसं खो-खो हसली. मथुरेच्या पायांखालची जमीनच सरकली. गड्डा पदरात घेऊन, येसूला काखोटीला मारून ती धावतच औदुंबराखाली आली.

"महाराज, मीच घात केला. मीच पाणी घातलं."

महाराज रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "पोरीला दिवसातून किती वेळ खाली ठेवतेस?"

मथुरेनं येसूला आणखीच घट्ट धरलं. पडेल, लागेल, म्हणून ठेवलंच कुठं होतं?

"कुजलेलं कापून टाक. उरेल त्याला राख फास, कोरड्या मातीत लाव. आणि पोरीला रोज तिथंच भुईवर बसव. दोघांनाही हात लावायचा नाही."

उरला तो अंगठ्याएवढा तुकडा. दोन महिने मथुरा उंबऱ्यावर दोन्ही हात पदरात घट्ट गुंडाळून बसे. येसू रडे, रांगे, माती चिवडे. आईचा जीव तुटे, पण हात पदरातून निघाला नाही.

वैशाखात एका सकाळी महाराज स्वतः अंगणात येऊन उभे राहिले. आता काय होतंय ते बघायला त्र्यंबकपंतही चार माणसं घेऊन आले.

आणि काय सांगावं! सगळ्यांच्या डोळ्यांदेखत माती तडकली. ना पान, ना देठ. थेट जमिनीतून पांढरं-जांभळं फूल उमललं आणि अंगणभर वास सुटला. कोपऱ्यातल्या येसूनं ते पाहिलं. ती भिंतीला धरून उठली. भिंत सोडली. एक पाऊल, दुसरं, तिसरं... फुलापाशी जाऊन ती खुदकन हसली.

मथुरेला हुंदका आवरेना.

पंतांचा चेहरा पांढराफटक पडला. एवढ्याशा तुकड्याला फूल यायला दोन-तीन वर्षं लागतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक!

"महाराज," ते कसेबसे म्हणाले, "या मातीत घातलंत तरी काय?"

"मी काही नाही घातलं. त्या आईनं हात आवरला, तो देवानं पाहिला."

पंतांनी पगडी काढून बाजूला ठेवली. महाराजांच्या पायांवर डोकं टेकलं. मग ते वळले आणि मथुरा नको नको म्हणत असतानाच तिच्या उंबऱ्याशी वाकले.