एस्तेरबाई पाठ का फिरवतात

"मग पाठ का फिरवता तुम्ही, एस्तेरबाई?"

एस्तेरबाई चीज किसत होत्या. किसत राहिल्या.

"कधी?"

"दर शनिवारी. दुधात चीज विरघळलं, की पातेलं उचलता आणि खिडकीकडे तोंड करून उभ्या राहता. मी मोजलंय. वीस आकडे होतात."

"खिडकीत वारा असतो, बाई."

मृणालिनी करंदीकरांनी ओठ आवळले. वारा म्हणे! बावीस वर्षं त्यांनी पुण्यात स्वयंपाकाचे वर्ग चालवले होते. अर्ध्या कोथरूडच्या सुना त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. अशा बाईला वाऱ्याची थाप?

इथे पाणी मुरत होतं. म्हातारी हातचं राखून शिकवत होती.

एस्तेरबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. नगरजवळच्या एका मिशन हॉस्पिटलच्या मुदपाकखान्यात त्यांचा जन्म गेला होता. तिथे एक डॉक्टरीण होत्या, काळ्या अमेरिकन, अलाबामाच्या. सणावाराला त्यांना घर आठवायचं. मग त्या स्वतः पदर खोचावा तशा बाह्या सरसावत आणि आपल्या आईची भट्टीतली मॅकरोनी करत. ती एस्तेरबाईंनी उचलली. डॉक्टरीण गेल्या, हॉस्पिटल बंद पडलं. कंपाउंडच्या टोकाच्या खोलीत एस्तेरबाई राहिल्या, त्यांचा जुना ओव्हन राहिला, आणि ती मॅकरोनी.

मृणालिनीबाईंना ती हवीच होती. हौस म्हणून नव्हे.

त्यांच्या लेकीने, ईराने अटलांटात मार्कसशी लग्न केलं. तोही त्या डॉक्टरणींसारखाच काळा अमेरिकन, आणि त्याच्याही घरी सणाला हीच मॅकरोनी. बाई लग्नाला गेल्या नाहीत. नातू झाला तेव्हा मात्र राहवलं नाही, तीन आठवडे जाऊन आल्या. आता नातवाचा पहिला वाढदिवस होता, आणि विहीणबाईंचा, लोरेनबाईंचा निरोप आला होता: या खेपेला मॅकरोनी ईराच्या आईने करावी.

"आई, तुला कळतंय का हे काय आहे?" ईरा फोनवर म्हणाली होती. "इथे मॅकरोनी कुणाच्याही हातची खात नाहीत. आधी विचारतात, कोणी केली? आणि नाव पटलं नाही तर चमचासुद्धा लावत नाहीत. लोरेनने सख्ख्या बहिणीला पंधरा वर्षं हात लावू दिलेला नाही."

चाळीस माणसं जेवायला. चाळीस जणांनी विचारायचं, कोणी केली?

तेव्हापासून बाईंची झोप उडाली होती.

पहिल्या भेटीत एस्तेरबाई म्हणाल्या होत्या, "गुरुवारी येत जा."

"गुरुवारी माझा उपास. शनिवारी येत जाईन पुण्याहून. आणि एक आधीच सांगते, आमच्याकडे करणारी चाखत नाही. उष्टं होतं. मीठ मला डोळ्यांनी कळतं."

"बरं," एस्तेरबाई म्हणाल्या होत्या. एवढंच.

मैद्याचा पांढरा सॉस करायला निघालेल्या बाईंच्या हातातून त्यांनी मैद्याचा डबा काढून घेतला होता. दूध आटवायचं. लोणी, चीज, मिरपूड, मोहरीची पूड. मग अंडी. अर्धवट शिजलेली मॅकरोनी, वर चीज, पुन्हा मॅकरोनी, पुन्हा चीज, वर काश्मिरी तिखट. कडा करपायच्या बेताला आल्या की बाहेर. बाईंनी वहीत सगळं ग्रॅममध्ये उतरवलं होतं.

एस्तेरबाईंची मॅकरोनी खाल्ली की माणूस गप्प बसायचा. त्याच वहीवरून बाईंनी घरी केली की यजमान म्हणायचे, "छान आहे हं." आणि लोणचं मागायचे.

बाईंनी चीज त्याच दुकानातून आणलं. ओव्हनला थर्मामीटर लावून पाहिला. इथलं पाणीसुद्धा बाटलीत भरून नेलं. मागच्या शनिवारी एस्तेरबाई कोथिंबीर खुडायला बाहेर गेल्या, तेव्हा खुंटीवरच्या त्यांच्या ॲप्रनचा खिसाही चाचपला. लाज वाटली, पण चाचपला. निघालं काय, तर रुमाल आणि एक लवंग.

लवंग घरी घालून पाहिली. यजमानांनी लोणचंही मागितलं नाही, सरळ ताक मागितलं.

आज मात्र बाई डोळ्यांत तेल घालून बसल्या होत्या. दोघींनी आपापलं पातेलं वेगळं केलं होतं. दूध तेच, चीज तेच, माप तेच.

चीज विरघळलं.

एस्तेरबाईंनी आपलं पातेलं उचललं आणि खिडकीकडे वळल्या.

एक, दोन, तीन... पाचाला बाई उठल्या. चपला आधीच काढून ठेवल्या होत्या. दोन पावलांत गाठलं आणि म्हातारीचं मनगट धरलं.

"दाखवा."

एस्तेरबाईंनी मूठ उघडली.

चमचा होता. चहाचा, साधा. ओला.

"काय घातलंत यातून?"

"काही नाही."

"मग?"

"चाखलं."

...

शेगडीवर बाईंचं पातेलं मंद खदखदत होतं.

"दर शनिवारी?"

"दर शनिवारी."

"म्हणजे चार शनिवार मी तुमचं उष्टं..."

"दोनदा मागून घेतलंत."

बाईंच्या कानशिलांपर्यंत आग गेली. खरं सांगायचं तर किळस येत नव्हती, आणि ती येत नाही याचाच त्यांना जास्त राग आला.

"सांगितलं का नाहीत?"

"तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, तुमच्यात चालत नाही. म्हणून पाठ फिरवायची. चमचा धुऊनच घालते प्रत्येक वेळी."

"इतकं खोदून खोदून विचारत होते मी!"

"मी काय घालते ते विचारत होतात. मी घालत नव्हते, बाई. चमचाभर काढत होते."

एस्तेरबाईंनी चमचा नळाखाली धरला, पदराने पुसला आणि बाईंच्या पातेल्यात बुडवला. त्यांच्यापुढे धरला.

"चीज दर खेपेला वेगळं निघतं. कधी खारट, कधी मुकं. त्याला विचारून घ्यावं लागतं. अंडं पडायच्या आत. एकदा कच्चं अंडं पडलं, की मग नाही चाखता येत."

चमच्यावरून वाफ निघत होती.

सात वर्षांच्या असताना बाईंनी आमटीत बोट घालून चाटलं होतं. आईने हातावर पळी ओढली होती. आमटी गाईपुढे गेली, आणि त्या दिवशी घरात सगळे ताकभात जेवले. तेव्हापासून पन्नास वर्षं बाईंनी शिजताना काही तोंडात घातलं नव्हतं. त्याचा त्यांना केवढा अभिमान. वर्गात पहिल्या दिवशी तेच सांगायच्या.

"हात दुखतोय," एस्तेरबाई म्हणाल्या.

बाईंनी डोळे मिटून चमचा तोंडात घेतला.

...

"हे माझं?"

"तुमचं."

"अळणी आहे!"

एस्तेरबाईंनी मिठाचा डबा पुढे सरकवला.

बाईंनी चिमूट घातली. चाखलं. आणखी अर्धी चिमूट. चाखलं. मोहरीची पूड जराशी. पुन्हा. चोरी करताना धरले जाऊ असं वाटून त्या मध्येच एकदा दाराबाहेर बघून आल्या. मग जिभेला काहीतरी लागलं आणि त्यांचा हात आपोआप थांबला.

"आता अंडी," एस्तेरबाई म्हणाल्या.

पाऊण तासाने ट्रे बाहेर आला. कडा तपकिरी, मधोमध अजून थरथर. एस्तेरबाईंनी दहा मिनिटं कुणाला हात लावू दिला नाही. मग एक कोपरा कापून बाईंच्या ताटलीत घातला.

बाईंनी खाल्ला, आणि गप्प बसल्या.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले. आनंद झाला होता, तो लपवण्यासारखा नव्हता.

"जमली," त्या म्हणाल्या. "जमली ना?"

"जमली."

पण बाईंच्या मनात एकदा पाल चुकचुकली, की ती सहजी गप्प बसणारी नव्हती.

"तरी मला संशय येतोच, एस्तेरबाई. विहीणबाईंनी सख्ख्या बहिणीला जो मान दिला नाही, तो मला का? मला म्हणाल तर हा डाव आहे. चाळीस जणांपुढे ट्रे ठेवायचा, नाव विचारायचं, आणि कुणी शिवायचं नाही. मला खाली बघायला लावायचं."

एस्तेरबाई ट्रेच्या कडेला चिकटलेलं खरपूस चीज सुरीने सोडवत होत्या.

"असं का करतील त्या?"

"तेच तर! मी त्यांचं काय वाकडं केलंय? बाळंतपणाला गेले तेव्हा एकदाच काय तो प्रसंग आला. रविवारी चर्चमधून येताना त्या माझ्यासाठी म्हणून ट्रे घेऊन आल्या. हीच मॅकरोनी. गरम, फडक्यात गुंडाळून. समोर बसून राहिल्या, मी खाते का बघत. आता माझा उपास होता, त्याला मी काय करू? तसं नीट सांगितलं ईराला, त्यांना समजावून सांग म्हणून. हसल्या बिचाऱ्या. झाकण लावून परत घेऊन गेल्या. एवढ्यावरून कुणी मनात धरतं का?"

सुरी थांबली.

"तुम्ही सांगा," बाई म्हणाल्या. "इतकी चांगली झालीय. खातील ना हो त्या माझ्या हातची?"

एस्तेरबाईंनी खरपूस तुकडा सोडवून बाईंच्या ताटलीत ठेवला. या वेळी त्यांनी पाठ फिरवली नाही.

"तुमचा उपास तर गुरुवारी असतो ना, बाई?"