चिठ्ठीवरची आडवी रेघ

एकदा एका तालुक्याच्या गावात एक वृद्ध औषधविक्रेते होते. सारे गाव त्यांना अण्णा म्हणे. पत्नी निवर्तली, मुले दूरदेशी गेली, तरी दुकान त्यांनी एक दिवस बंद ठेवले नाही. त्यांच्या हाताखाली उर्मिला नावाची फार्मसिस्ट काम शिकत होती. बाई हुशार, हाताला चटपटीत. पण कागद म्हटला की तिच्या कपाळाला आठी पडे.

वृद्धांसाठी तिथे कार्डावर औषधे देणारी एक योजना होती. दुकानाने चिठ्ठी बघून औषध द्यायचे, चिठ्ठी शहरातल्या कचेरीत धाडायची, मग कचेरी पैसे देई. एके दिवशी सोनटक्केकाकांची चिठ्ठी परत आली. तिच्यावर लाल शाईची दोन वर्तुळे, आणि खाली शेरा: दुरुस्ती होईपर्यंत कार्ड बंद. काका हृदयाचे रुग्ण, घरी एकटेच. गोळ्या तीन दिवसांच्या उरलेल्या. अण्णांनी तशाच देऊ केल्या, तर "फुकटचं नको" म्हणून काका परत फिरले.

उर्मिला भडकली. "डोळे आहेत की बटणं त्या कारकुनाला! डॉक्टरांनी फोनवर डोस दुप्पट केला, म्हणून तीसच्या साठ दिल्या. मला ठाऊक, तुम्हाला ठाऊक, काकांना ठाऊक!"

अण्णांनी चिठ्ठी उचलली. त्यांनी तिला मागच्या कोठीत नेले, खोक्यांमध्ये स्टूल मांडले आणि चिठ्ठी हातात दिली. "तू सोनटक्क्यांना कधी पाहिलेलं नाहीस असं समज. आता सांग, याला किती गोळ्या द्यायच्या?" एवढे बोलून त्यांनी दार ओढून घेतले.

म्हाताऱ्याचे हे काय भलतेच, म्हणत ती चरफडत वाचू लागली. डॉक्टरांचे अक्षर: रोज एक, तीस दिवस. शेजारी दुकानाचा शिक्का: साठ. अरेच्चा! हे बघून तिलाही दुकानदार लबाडच वाटला असता. दुसरे वर्तुळ एका रकान्यावर होते, 'अडीअडचणीत कळवायचे झाल्यास कोणास'. पुढे काकांच्या हातची आडवी रेघ. दर महिन्याला ती रेघ उर्मिलेने न बघता पुढे धाडली होती. आता मात्र तिच्याने ती बघवेना. त्या बंद कोठीत तिला फार एकटे वाटले.

अण्णांनी दार उघडले. "कागद आपल्या दुकानातून एकटाच निघतो, बाई. आपल्याला ठाऊक असतं ते इथेच राहतं. तिथे काकांना ओळखणारं कोण आहे? आपण लिहू तेवढाच माणूस तिथे पोचतो. म्हणून फोन आला की तिथल्या तिथे टिपायचं, डॉक्टरांची सही घ्यायची, रकाना कोरा दिसला की विचारायचं." मग ते म्हणाले, "माझ्या चिठ्ठीवरही मी रेघच मारतो."

डॉक्टरांची सही घेऊन उर्मिला त्याच दिवशी काकांच्या घरी गेली.

"इथे कोणाचं नाव लिहायचं, काका?"

"आहे कोण?"

"मी आहे की. लिहा."

"आणि नातं?"

"दुकानवाली म्हणा!"

काका कितीतरी दिवसांनी हसले. दुरुस्त चिठ्ठी उर्मिलेने स्वतः कचेरीत नेऊन दिली आणि तिसऱ्या दिवशी कार्ड सुरू झाले.

त्या दिवशी तिने अण्णांची स्वतःची चिठ्ठी खणातून काढून त्यांच्यापुढे ठेवली. रेघेवर बोट टेकवून म्हणाली, "इथेही लिहा." अण्णांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला, आणि मग सावकाश तिचे नाव लिहिले.