श्यामसरोवराचा जलचर

एका राज्यात श्यामसरोवर नावाचे अथांग तळे होते. त्या तळ्यात काहीतरी राहत असे. धोबी म्हणत, त्याची मान घोड्यासारखी आहे. गुराखी म्हणत, पाण्यावर काळी पाठ दिसते. बारा वर्षांत त्याने चाळीस माणसे ओढून नेली. चाळिसावा भागोजी नावाडी. त्याची बायको तुळाई सूड घ्यायला भाला घेऊन काठावर आली.

तिथला सारस माणसाच्या वाणीने बोलत असे. तो म्हणाला, "बाई, भाल्याने तो मरणार नाही. पण त्याच्यावर शाप आहे, तो तोडता येईल. तीन गोष्टी कर. हत्यार इथेच ठेव. तो समोर आला की डोळे मिटू नकोस. आणि जे दिसेल ते भर दरबारात सांग."

तुळाईने भाला टाकला, नाव लोटली. मध्यावर पाणी फुगले आणि ते प्रचंड मुंडके तिच्यापुढे उभे राहिले. तिने डोळे मिटले नाहीत. गळ्याच्या मांसात राजघराण्याचा सोन्याचा कंठा रुतला होता. डोळे माणसाचे होते.

"तू कोण?"

"चंद्रभान. राजाचा थोरला भाऊ. गादीसाठी त्याने मांत्रिकाकडून माझी ही गत केली. तुझा नवरा मीच खाल्ला, बाई. भूक लागली की मी माझा राहत नाही."

गप्प राहिले तर हा असाच सडेल, असे तुळाईच्या मनात आले. पण मग एक्केचाळिसावा कोणाचा तरी धनी असेल. ती दरबारात गेली.

"महाराज, तळ्यात जनावर नाही. तुमचे वडील बंधू चंद्रभान आहेत."

राजा वीरभानाने तलवार उपसली. ती उगारलेलीच राहिली. दरबारात सत्य उघड होताच शाप उलटला आणि त्याच्या हाताचा चिखल झाला, मग खांद्याचा, मग मुखाचा. सिंहासनावरून चिखल ओघळला. दारात एक म्हातारा ओलाचिंब उभा होता. गळ्यात कंठा होता.

चंद्रभानाला राज्याभिषेक झाला. त्याने तुळाईला बोलावले. "माग, काय हवे ते."

"माझ्या धन्याची हाडे," ती म्हणाली. "तुम्हांला जागा ठाऊक आहे."

राजाने मुकुट उतरवला आणि एकट्याने तळ्यात बुडी मारली. तीन दिवस तो हाडे वर आणत होता. तुळाईने काठावर चिता रचली. तिने राजाला क्षमा केली नाही, त्यानेही मागितली नाही. त्यानंतर श्यामसरोवरात कोणी काही पाहिले नाही.